निळ्या चादरीमागचं कोराडी

नागपूरला जाऊन आले म्हटलं की लोक आधी माझ्या पिशवीकडं बघतात. संत्री कुठायत? बाबांनो, भाद्रपदात संत्री नसतात, आणि असती तरी मी ती उचलून आणली नसती. माझे गुडघे गेलेत, पाठ धरली आहे, आणि मिरजेहून नागपूर म्हणजे महाराष्ट्राच्या एका टोकाकडून थेट दुसऱ्या टोकाला. गाडीत काय घडलं ते सांगत नाही, कारण काहीच घडलं नाही. बसले, झोपले, उठले, तरी गाडी आपली चालूच.

गेले कशाला, हे मात्र सांगायला हवं. मी मधुमेहाची डॉक्टर. मिरजेत माझा दवाखाना आहे. त्याशिवाय नागपूरजवळ कोराडीच्या वस्त्यांमध्ये एक संस्था मोबाइलवरून दवाखाना चालवते, तिच्यासाठी मी दर मंगळवारी दुपारी फोनसमोर बसते. तिकडं वर्षा नावाची आरोग्यसेविका फोन घेऊन घरोघर जाते, साखर आणि बीपी तपासते, पेशंटसमोर फोन धरते. मी इथून बघते, विचारते, औषध सांगते. शहरात तज्ज्ञ डॉक्टर गाठायचा म्हणजे ज्यांचा अख्खा दिवस बुडतो, त्यांच्या घरी डॉक्टरच फोनमधून येते. कल्पना चांगली आहे, मी नाही म्हणतच नाही. पण वीतभर काचेतून माणसं बघून बघून माझे डोळे आणि डोकं दोन्ही शिणली होती. सारखं माझ्या तोंडी एकच वाक्य, "फोन जवळ धरा. अजून जवळ." मी झोपेतसुद्धा हेच बडबडते, असं घरातले चिडवतात.

संस्थेनं नागपुरात डॉक्टरांचा आणि पेशंटांचा मेळावा ठरवला, तेव्हा मी मनाशी पक्कं केलं. जायचं, हार घालून घ्यायचा, आणि आता दुसरं कोणीतरी बघा म्हणून सांगून मोकळं व्हायचं.

सीताबर्डी

उतरले ती घामाघूम होऊनच. पाऊस सरत आला होता आणि ऊन असं की रस्त्यावर उभं राहिलं तरी दमायला व्हावं. लॉज सीताबर्डीत, व्हरायटी चौकाच्या जवळ. वर मेट्रो, खाली ऑटो, आणि फुटपाथवर मोबाइलची कव्हरं विकणारे एकमेकांवर ओरडत होते. खोलीत कूलर होता. तो बंद केला तर जीव जातो आणि चालू ठेवला तर कान जातात. मी कानांवर पाणी सोडलं.

सकाळी खालच्या टपरीवर पोहे मागितले. त्या गृहस्थानं पोह्यांवर डावभर चण्याची लालभडक तर्री ओतून प्लेट पुढं केली. आमच्याकडं पोह्यांवर ओलं खोबरं आणि लिंबाची फोड. त्यावर कुणी रस्सा ओतला असता तर माझ्या सासूबाईंनी त्याला घराबाहेर काढलं असतं. मी नाक मुरडत पहिला घास घेतला आणि गुमान प्लेट संपवली. तिखटाच्या बाबतीत आम्ही कोल्हापूर-मिरजेकडची माणसं उगाच मिशीवर ताव देतो, एवढं कळलं. डोळ्यांतून पाणी आलं ते रुमालानं पुसून उन्हावर ढकललं.

मेळावा चौकाजवळच्याच एका हॉलमध्ये होता. वर्षाला पहिल्यांदा अख्खी पाहिली. फोनवर ती म्हणजे नुसता आवाज आणि अधूनमधून येणारा अंगठा. प्रत्यक्षात तिशीची, चांगली उंच बाई निघाली, खांद्याला भलीमोठी पिशवी. मला बघून तिनं वाकून नमस्कारच केला. "मॅडम, तुमी फोनमधे लय मोठ्या दिसता," म्हणाली. हे कौतुक की काय, ते मी विचारलं नाही.

पेशंट एकेक करून भेटायला येत होते आणि मला त्यांची ओळखच पटेना. फोनमध्ये ही सगळी माणसं कशी झकपक असतात! भांग पाडलेला, इस्त्रीचे कपडे, आणि प्रत्येकाच्या मागं निळी, मोरांची चादर. होय, प्रत्येकाच्या. मला आपलं वाटायचं की कोराडीच्या बाजारात कधीतरी स्वस्तात या चादरींचा गठ्ठा आला असेल आणि सगळ्यांनी घेतल्या असतील. आमच्या मिरजेतही एकदा अख्ख्या गल्लीनं एकाच रंगाच्या बादल्या घेतल्या होत्या.

एकच माणूस दिसला नाही, देवाजी. माझा मंगळवारचा लाडका पेशंट. साठीचा, पॉवर स्टेशनच्या कॉलनीची बस शहरात ने-आण करायचा, आता घरीच. पायाच्या बोटाजवळ जखम, तिच्यावर माझी औषधं चालू. दर मंगळवारी गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट घालून बसायचा आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणायचा, "एकदम बेस्ट, मॅडम!" पायही बेस्टच दिसायचा. कोरडा, स्वच्छ. मी म्हणायची, छान, हळूहळू भरतेय.

"देवाजी का नाही आले?" मी वर्षाला विचारलं.

"काकाले थोडी कणकण हाये. म्हणे, मॅडमले नमस्कार सांगजो."

मधुमेह, पायाला जखम आणि कणकण. हारतुरे, भाषणं चालू होती, मला त्यातलं काही ऐकू येईना. समोर आलेलं जेवण मी तसंच ठेवलं आणि वर्षाला म्हटलं, चल, आत्ताच त्यांच्या घरी जाऊ.

तिचा चेहरा उतरला. "आत्ता? थांबा, फोन तं करू द्या त्यायले."

"नको. फोन केलास की चहापाण्याचा घाट घालतील. तशीच जाऊ."

"पण मॅडम, न सांगता…"

"वर्षा, गाडी काढ."

कोराडीची वाट

गाडी म्हणजे तिची स्कूटी. माझं वय, माझे गुडघे, आणि मागच्या सीटवर मी! बसायलाच हॉलच्या वॉचमनची मदत लागली. वर्षानं स्वतःची ओढणी डोक्यातोंडाला अशी करकचून गुंडाळली की फक्त डोळे उरले, आणि पिशवीतून दुसरी काढून माझंही तसंच बांधून टाकलं. इकडं पोरीबाळी अशाच फिरतात. आरशात बघितलं तर मी दरोड्याला निघालेली दिसत होते.

शहर मागं पडलं आणि कोळशाचे ट्रक लागले. एक गेला की दुसरा, आणि मध्ये आमची स्कूटी. मग पॉवर स्टेशनच्या चिमण्या दिसायला लागल्या. त्या किती वेळ तशाच समोर दिसत राहिल्या आणि जवळ काही येईनात. एका खड्ड्यात मी उसळले आणि वर्षाच्या पिशवीला लटकले. पिशवीची चेन तुटली आणि आतलं सामान डोकावलं. बीपीचं यंत्र, साखर तपासायच्या पट्ट्यांचा डबा, आणि निळी, मोरांची चादर.

वर्षानं स्कूटी बाजूला घेतली. मी चादरीकडं बघत होते, ती माझ्याकडं.

"ही तुझी आहे?"

"हो ना मॅडम. तुमीच एकदा म्हटलं होतं, मागं लय पसारा हाये, काही दिसत नाही. तवापासून प्रत्येक घरी मीच लावते. लोकाईलेही बरं वाटते."

मला हसू आलं. खरंच सांगते, तेव्हा हसूच आलं.

देवाजीचं घर

घर वस्तीच्या कडेला, दोन खोल्यांचं, दाराशी तुळस नाही, छोटासा पंचशील ध्वज. मी दारात पाय ठेवला आणि तिथंच थबकले. वास आला. सडणाऱ्या पायाचा वास एकदा नाकात बसला की डॉक्टर तो जन्मात विसरत नाही. फोनमधून तो येत नाही.

आत देवाजी खाटेवर बनियनवर बसला होता, पाय स्टुलावर, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला. मला बघून त्यानं आधी शर्ट शोधला आणि मग पायावर चादर ओढली. त्याची बायको सुमनबाई आतून हात पुसत आली. "बाप्पा! मॅडम! अन् काही सांगितलं नाही?" तिचा चेहरा आधी फुलला आणि लगेच घाबरा झाला. ती आल्या पावली आत वळली. "बसा, पाचच मिनिटं बसा. पाणी तापवते. पाय धुऊन देते त्यायचा."

"सुमनबाई, धुऊ नका. असाच बघायचाय."

"असा कसा दाखवू? पयल्यांदा घरी आल्या तुमी!"

मी गुडघ्यांना शिव्या देत खाली बसले आणि फडकं सोडलं. पायाची दोन बोटं काळी पडली होती. तळव्यावर फोड येऊन फुटला होता, त्यातून पू येत होता. आणि बोटांच्या बेचक्यांत, काळ्या कातडीच्या कडांना पांढरी भुकटी चिकटलेली. अंगाला लावायची सुगंधी पावडर. त्या वासात तो गुलाबाचा वास मिसळला होता.

"पावडर कोणी लावली?"

सुमनबाईच बोलली. "मीच. तुमच्यासमोर घाण कशी धरू मॅडम? मंगळवार आला की सकाळपासून तेच करते. गरम पाणी टाकून, दाबून दाबून साफ करते, पुसते, अन् पावडर लावते. मग फोनमधे पाय कसा चांगला दिसते."

"पाणी किती गरम?"

"चांगलं कढत. त्यायले काही होत नाही, हूं की चूं करत नाहीत."

करणार कसा? अशा पायाची जाणीवच गेलेली असते. चटका बसला तरी कळत नाही. मी मिरजेत पंख्याखाली बसून 'छान भरतेय' म्हणत होते आणि मला चांगला दिसावा म्हणून दर मंगळवारी हा पाय भाजून निघत होता. आमच्याकडं पेशंट कसा, तर दारातूनच ओरडत येतो, पाय टेबलावर आपटतो, "बघा की ओ, काय झालंय हे!" घाण, वास, शिव्या, सगळं आधी दाखवून घेतो. इथं मी पाहुणी होते. पाहुण्यांसमोर कोणी घरातलं खरकटं मांडत नाही. एवढी साधी गोष्ट मला त्या काचेतून कधी दिसली नाही.

मला संताप आला. कुणावर, ते कळेना. वर्षावर डोळे वटारले तर ती आधीच रडत होती. मंगळवारी ती पोचायची तोवर पाय धुऊन, पावडर लावून तयार असायचा, तिलाही तेवढाच दिसायचा.

"देवाजी, उठा. दवाखान्यात जायचं. आत्ता."

तो मात्र जागचा हलेना. "दसरा झाल्यावर जाऊ ना मॅडम. दसऱ्याले मी इथून दीक्षाभूमीवर पायी जात असतो. एक वर्ष चुकलं नाही. माझा बाप त्या पहिल्या दिवशी तिथं होता. एवढा दसरा होऊ द्या, मग काय कापायचं ते कापा."

कपाळाला हात लावला तर ताप होता चांगलाच. मी मऊपणानं सांगायला पाहिजे होतं. पण दमलेल्या माणसाला मऊ बोलता येत नाही. "दसऱ्यापर्यंत थांबलात तर हा पाय राहत नाही. कदाचित तुम्हीही राहत नाही. आज आलात तर बोटं जातील आणि पुढच्या कुठल्या तरी दसऱ्याला चालाल. बोला."

सुमनबाईनं खुंटीवरची पिशवी काढली, त्यात त्याचे दोन कपडे आणि एक तांब्या टाकला, आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "चला," एवढंच म्हणाली. तो उठला.

महाल

माझा वर्गमित्र दिलीप सर्जन आहे. महालात, जुन्या शहरात, त्याचं छोटं हॉस्पिटल. तिथं जायच्या गल्ल्या एवढ्या अरुंद की ऑटोवाल्यानं आरसे आत दुमडले. समोरून दुचाकी आली की दोघांपैकी एकानं कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. सुमनबाई मागं देवाजीचा पाय मांडीवर घेऊन बसली होती.

"काय वं शैले, एवढ्या वर्षांनी आली अन् हे घेऊन आली?" असं दिलीप म्हणाला खरा, पण पाय बघितला आणि त्याच दिवशी देवाजीला ऑपरेशनला आत घेतलं.

मी बाहेरच्या बाकावर सुमनबाईशेजारी बसून राहिले. वर्षानं कुठूनतरी पाटवडीचा रस्सा आणि पोळ्या आणल्या. ते तसंच गार झालं. परतीची गाडी चुकली, चुकू दे म्हटलं. आतापर्यंतच्या सगळ्या मंगळवारांत ही बाई मला फक्त हात म्हणून दिसली होती, पाय धरणारे हात. आता शेजारी बसली होती तर कळलं, तिला एका कानानं कमी ऐकू येतं. मी फोनवर सांगितलेलं तिला किती कळत असेल?

मग ती म्हणाली, "मॅडम, म्हणजे मीच जाळला ना त्यायचा पाय?"

नाही म्हणावंसं वाटलं. पण खोटं बोलायचा मला कंटाळा आला होता, चांगलं दिसावं म्हणून बोललेल्या खोट्याचा तर जास्तच. मी म्हटलं, "पाण्यानं भाजला, हो. पण ते पाणी तुम्ही माझ्यासाठी तापवलंत. म्हणजे मीही आलेच त्यात." ती माझा हात धरून रडली. मलाही रडू आवरलं नाही. बाकावरची माणसं बघत होती.

दिलीप बाहेर आला. दोन बोटं काढावी लागली, तळवा साफ केला, पण पाय वाचला. "अजून आठवडा गेला असता तर घोट्याच्या वरून कापावा लागला असता," म्हणाला आणि चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी देवाजी शुद्धीत, उशीला टेकून. सुमनबाईनं पट्टी बघितली आणि परत डोळ्यांना पदर लावला. तो म्हणाला, "काहून रडून राहिली वं? दोन गेली, आठ बाकी हायेत." मग माझ्याकडं वळून, सवयीनं, "एकदम बेस्ट, मॅडम!"

"देवाजी, हे बेस्ट परत म्हणालात तर मी उरलेली आठही कापायला सांगेन."

वर्षा मला स्टेशनवर सोडायला आली. काम सोडायचं जे मी ठरवून आले होते, ते सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनंच विचारलं, "मॅडम, मंगळवारी याल ना फोनवर?" तिच्या खांद्यावर तीच तुटक्या चेनची पिशवी होती.

"येईन," मी म्हटलं. "पण ती चादर तुझ्या घरी, तुझ्या पलंगावर घाल. आणि पेशंटांना सांग, पाय धुवायचा तो रोज, कोमट पाण्यानं, आणि मंगळवारी मी बघून झाल्यावर."

पुन्हा मिरज

तिकडून आले ती तापच घेऊन. चार दिवस पडून होते. नवरा म्हणाला, एवढी दगदग करून शेवटी हार तरी घातला का? तो हार हॉलमध्येच राहिला, हे तेव्हा आठवलं.

यंदा दसरा नेमका मंगळवारी आला. दवाखान्याला सुट्टी होती, तरी मी दुपारी फोनसमोर बसले. सोनं वाटायला आलेली मंडळी बाहेरच्या खोलीत बसली होती. वर्षानं फोन लावला. मागं चादर नव्हती. पोपडे आलेली भिंत, दोरीवरचे कपडे, कोपऱ्यात न घासलेली भांडी, आणि उघड्या दारातून दिसणारा रस्ता. रस्त्यानं पांढऱ्या कपड्यांतली माणसं जात होती. देवाजी खाटेवर होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेला तोच पांढरा शर्ट घालून.

"कसे आहात?"

"एकदम…" म्हणाला आणि थांबला.

सुमनबाईनं वर्षाच्या हातून फोन घेतला आणि पायाकडं नेला. "पाहा मॅडम. धुतला नाही, पुसला नाही. जसा हाये तसा."

पट्टी खालून मातीनं काळी झाली होती.

"ही माती कुठली?"

"सांगा ना आता, काहून गप बसले?" सुमनबाई त्याच्यावर ओरडली.

"सकाळी निघालो होतो मॅडम," देवाजीचा आवाज आला. "सगळी वस्ती निघाली, मले राहवलं नाही. चौकापर्यंत गेलो अन् बसलो. दुखलं. पोटरीपर्यंत लय दुखून राहिलं."

एवढ्या मंगळवारांत हा माणूस पहिल्यांदा दुखतंय म्हणाला. आणि मी काय केलं? मी ओरडले. अशी ओरडले की बाहेरची मंडळी आपट्याची पानं हातात घेऊन आत बघायला आली. अक्कल आहे का, टाके उसवले तर कोण बघणार, पुढच्या वर्षी चालायचंय की नाही. तो मान खाली घालून सगळं ऐकून घेत होता. सुमनबाई पलीकडून "अजून बोला, अजून बोला" म्हणत होती. मग माझा दम संपला.

"पुढच्या वर्षी जाईन," देवाजी म्हणाला.

"पुढच्या वर्षी जा. आता ती पट्टी सोडा, सुमनबाई, आणि फोन जवळ धरा," मी म्हटलं. "अजून जवळ."